आजारी हाय, चला

येसाजीच्या वाडीत कुणी मरत नसे.

आता यात हसण्यासारखं काही नाही. माणसं जायची, सगळीकडं जातात तशीच जायची. पण 'मेला' हा शब्द तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. म्हातारं माणूस असलं तर ते देवाघरी जायचं, तान्हं असलं तर आल्या वाटेनं माघारी फिरायचं, आणि तरणाताठा गडी गेला तर त्याचा विषय निघाला की लोक नुसतं 'ते आपलं...' म्हणून गप बसायचे. मरणाचा शब्द चालायचा तो फक्त शिवीत. आई पोराला 'मुडद्या, जेवाय ये' म्हणायची आणि त्याच मुडद्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. शिवीचा अर्थ कुणी धरत नाही, म्हणून तेवढी सूट.

ताम्हिणीच्या अलीकडं डोंगराच्या सोंडेवर धनगरांची ही थोडी घरं. मेंढरं, शेरडं, पोटापुरती नाचणी-वरई. खाली मुळा नदीचं खोरं, आणि खोऱ्याच्या तोंडाशी मुळशीला मोठ्या धरणाचं काम चाललेलं. वाडी उंचावर होती, तिला पाण्याचं भय नव्हतं. तिला भय होतं ते बोलण्याचं. साप निघाला तर 'लांबडं निघालं' म्हणायचं. वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'मोठं जनावर' म्हणायचं, नाहीतर तो हाक मारल्यासारखा येतो. पोराच्या अंगावर देवी उठल्या तर 'घरात बाया आल्यात', म्हणजे जणू पाहुण्याच आल्यात, त्यांना दुखवायचं नाही. पीठ संपत नसे, 'वाढत' असे. दिवा विझवत नसत, 'शांत' करत. आणि घरातून निघताना जो 'जातो' म्हणेल त्याला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावून 'येतो' म्हणायला लावत. बरं, जिथं भय नाही तिथं हीच माणसं कशी बोलायची? एक कोकरू चुकलं तर 'समदा कळप गेला', दोन घास उशिरा मिळाले तर 'पोटात डोंब उसळला'. ऐकणाराही त्यातलं जेवढं घ्यायचं तेवढंच घ्यायचा. हे सगळं कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतं.

ज्याला आलं नव्हतं अशी वाडीत एकच बाई होती. ती येसाजीची सून तानूबाई. कासारसाईची पोर, बोलायला सडेतोड. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूला म्हणाली, "आत्याबाई, पीठ संपलं." अंबाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. जोतिबा, म्हणजे येसाजीचा एकुलता एक लेक, भिंतीकडं तोंड करून हसला होता. पुढं तानूबाई शिकली, पण अडखळत. तिच्या तोंडून 'पीठ वाढलं' असं निघालं तरी डोळे म्हणायचे की संपलंय.

आणि या सगळ्या रीतीत ज्याचा हात कुणी धरणार नाही असा माणूस म्हणजे खुद्द येसाजी. मरणाचा निरोप न्यायचा तर तो येसाजीनंच. वाडीत, खालच्या गावांत, पार घाटाखालीसुद्धा त्यालाच धाडायचे. दुसरा कुणी गेला तर रडून ओरडून सगळा विचका करायचा. येसाजी जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, टेकायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. कुणी आग्रह केला तर 'आज उपास हाय' म्हणायचा. मग खाली बघून सांगायचा, "तुमचा पावना आजारी हाय. चला." समोरच्यानं विचारलं, लई आजारी का, तर म्हणायचा, "धुगधुगी हाय अजून. तुमचं नाव घेतोय." आणि निघता निघता सहज सांगितल्यागत, "चार माणसं घ्या संगं."

बस्स. एवढ्यानं समोरच्याला कळायचं. पण कळलं असं तोही दाखवायचा नाही. बाई लुगडं सावरून निघायची, वाटेनं 'आता कसं असंल, डोळं उघडलं असतील का' असं विचारत राहायची, आणि येसाजी 'उघडलं असतील' म्हणत राहायचा. दोघंही खोटं बोलत आणि दोघांनाही ते ठाऊक. पण डोंगर उतरायचा, ओढे ओलांडायचे, तर पायात बळ लागतं. खरं सांगितलं असतं तर ती बाई अंगणातच आडवी झाली असती. येसाजीला याचा मोठा अभिमान होता. का नसावा? आपल्या गोड बोलण्यानं त्यानं किती बायकांना त्यांच्या माणसाच्या मातीला पोचवलं होतं.

जोतिबा धरणाच्या कामावर गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. मेंढरांवर रोग पडला, निम्मा कळप गेला, मग घरात बसून काय करायचं म्हणून तो दगड फोडायला गेला. त्यावरून घरात नाही, पण मामाच्या घरी आग लागली. अंबाबाईचा भाऊ कुशाबा खाली खोऱ्यात राहायचा. त्याची भाताची खाचरं त्या धरणाच्या पाण्याखाली जायची होती. खोऱ्यातली माणसं कामावर जाऊन आडवी पडत होती, मार खात होती, तुरुंगात जात होती, आणि सख्खा भाचा त्याच भिंतीला दगड लावत होता. कुशाबानं त्याला भर वाटेत गाठलं आणि सांगितलं, "आजपासनं तू मला मेलास." शब्द रागाचा होता. माणूस भावाला म्हणतो, लेकाला म्हणतो, आणि चार दिवसांनी त्याच्याच ताटात जेवतो. पण कुशाबाचे चार दिवस काही संपले नाहीत. जोतिबानं दोनदा निरोप पाठवला, त्यानं उत्तर दिलं नाही.

तर वैशाखातली गोष्ट. सकाळची वेळ, येसाजी वाघरीपाशी शेरडाची धार काढत होता. वाघरी म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तेवढ्यात खालून पीरमहंमद वर येताना दिसला. हा पौडाचा तरुण मुसलमान. धरणाच्या कामावर त्यानं मीठ-तंबाखूचं दुकान टाकलं होतं आणि त्याचं न् जोतिबाचं चांगलं जुळलं होतं. याआधी तो दोनदा वाडीवर येऊन गेलेला. दोन्ही वेळा अंगणात मांडी ठोकून बसला होता, भाकरी खाल्ली होती, दूध मागून प्याला होता. आज तो अंगणात शिरलाच नाही. कुडाबाहेर उभा राहिला. ओठ सुकलेले, तोंड उतरलेलं.

"येसाजीबाबा," तो म्हणाला, "जोतिबा आजारी हाय. चला."

येसाजीचा हात थांबला.

"कवापासनं?"

"परवा हिवताप भरला. आज पहाटं लईच झालं. कोयनेलची गोळी पोटात ठरत न्हाई, उलटून पडतीया. सुई टोचाय पायजे म्हंत्यात, आन् ती सुई पौडाच्या दवाखान्यात हाय. उचलून न्ह्याया पायजे. मुकादम कामावरचा गडी सोडत न्हाई. चार माणसं घ्या आन् चला."

चार माणसं. येसाजी उठला.

"बस की," तो म्हणाला. "पानी तरी पी."

"न्हाई बाबा. रोजा हाय माजा."

रोजा म्हणजे काय ते येसाजीला धड माहीत नव्हतं. उपासासारखं काहीतरी असावं. तोही असंच सांगत आला होता ना, आज उपास हाय म्हणून. त्यानं पीरमहंमदाकडं नीट पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, पोरगं पहिल्यांदाच हे काम करतंय, पण चांगलं करतंय.

"सुद्धीवर हाय?" त्यानं विचारलं. विचारायचं असतं म्हणून विचारलं.

"हाय की. तुमचं नाव घेतोय. आबा कुटं, आबा कुटं, असं सारखं चाललंय."

हे तर येसाजीचंच वाक्य. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या नथूच्या आईला, ओढ्याच्या काठी ती खाली बसली तेव्हा, त्यानं हेच सांगितलं होतं: उठ, नाव घेतोय तुजं. तेव्हा नथूचा थोरला भाऊ जाऊन चार घटका झाल्या होत्या. येसाजीला कळायचं ते कळलं. तरी त्यानं रीत सोडली नाही. समोरच्यानं एवढं सांभाळून सांगितलं, तर आपण ओरडून त्याचा अपमान करायचा नाही.

"पीरमहंमद, तू लई चांगला गडी हायेस," तो म्हणाला.

पीरमहंमद गोंधळला. "बाबा, आयका तरी. जिता हाय त्यो. बिगीनं निघा."

"व्हय बाबा. जिता हाय. निघतो आमी. तू हो म्होरं."

त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पीरमहंमदाचा जीव भांड्यात पडला. आजाऱ्यापाशी कुणी नाही म्हणून तो जवळजवळ पळतच डोंगर उतरला.

येसाजी दाराकडं वळला. दारात अंबाबाई उभी होती. तिला ऐकू गेलं नव्हतं, ती नुसती नवऱ्याचं तोंड बघत होती. येसाजीनं जन्मभर परक्या दारांत जे सांगितलं ते आपल्या दारात सांगितलं.

"जोतिबा आजारी हाय."

येसाजीच्या तोंडून 'आजारी' ऐकल्यावर वाडीत कुणाला दुसरं काही विचारावं लागत नव्हतं. अंबाबाई उंबऱ्यावर बसली आणि तिनं जो हंबरडा फोडला तो ऐकून पलीकडच्या घरातल्या बाया हातातलं काम टाकून धावल्या.

तानूबाई मागच्या दारानं सरपण घेऊन आली. तिनं सगळं विचारलं. पीरमहंमद काय काय बोलला ते येसाजीनं शब्दाला शब्द सांगितलं. ताप, गोळी, सुई, पौड.

"मग बसलाय काय?" ती म्हणाली. "झोळी घ्या, उठा."

कुणी उठलं नाही. एका बाईनं तिला कुशीत ओढलं.

"सोडा मला. मामंजी, आजारी हाय म्हनला न्हवं त्यो? मग आजारी हायेत. पीरमहंमद खोटं कशापायी बोलंल?"

"खोटं न्हाई गं बाय," अंबाबाई रडता रडता म्हणाली. "तसंच बोलत्यात."

"त्यानं सुईचं सांगितलं. गोळीचं सांगितलं. एवढं कोन रचून सांगतंय?"

येसाजीनं मान खाली घातली. त्याला सुनेची कीव आली. कासारसाईची पोर, तिला काय कळणार? चांगला निरोप्या असाच सांगतो. जेवढं बारीकसारीक सांगावं तेवढं ऐकणाऱ्याला चालायला सोपं जातं. एकदा त्यानं एका म्हाताऱ्याला त्याच्या लेकीनं पेज मागितली असं सांगितलं होतं, पेजेत मीठ कमी झालं म्हणून रुसली हेही सांगितलं होतं. हे सुनेला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण सांगितलं नाही. तिला तेवढाच वेळ आशा राहिली तर राहू दे, असं त्याला वाटलं.

आता घाई कसली? गेलेल्या माणसाला घाई नसते, त्याचं नीट करायचं असतं. येसाजी स्वतः खाली खोऱ्यात कुशाबाकडं गेला. मामाचा खांदा पाहिजे. आजारी भाच्यासाठी कुशाबा उठला नसता, पण गेलेल्या माणसाशी कुणाचं वैर असतं? कुशाबा खाचराच्या बांधावर बसला होता. येसाजीनं सांगितलं, "जोतिबा आजारी हाय." कुशाबानं तोंडावर पागोट्याचा शेव धरला आणि लेकरासारखा रडला.

"म्या म्हनलो व्हतो त्याला," तो म्हणाला. "तू मला मेलास म्हनलो व्हतो. माजीच जीभ बाधली, दाजी."

त्याला गप्प करून, त्याच्या घरून दोन सरळ बांबू आणि सुंभाची दोरी घेऊन दोघं वर आले तेव्हा दुपार कलली होती. कोरं कापड वाडीत एका घरी मिळालं. नथू आणि त्याचा चुलता बहिरू खांद्याला तयार झाले. मडकं घेतलं, शेणी घेतल्या.

आणि इकडं बायांनी तानूबाईचं उरकलं होतं. तिकडं कामावरच्या परक्या माणसांत बाईमाणसाची विटंबना नको, जे करायचं ते घरातच, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. तानूबाई आधी भांडली, मग ओरडली, मग दोघींनी तिचे हात धरले. दगडावर तिच्या बांगड्या वाढवल्या, कपाळ पुसलं. येसाजी आला तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती, मनगटावर काच लागून रक्त आलेलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "आता तरी निघायचं का?"

अंबाबाईही काठी शोधू लागली. तिचे गुडघे धरलेले असायचे, तरी म्हणाली, "म्या येते. म्या बसत उठत येते."

"आता येऊन काय करनार?" येसाजी म्हणाला. तो प्रेमानंच म्हणाला. "उगा हाल व्हतील. तू घरात ऱ्हा."

ती राहिली. येसाजीचं बोलणं मोडायची तिला सवय नव्हती.

उन्हं उतरता उतरता ते मुळशीला कामावर पोचले. तानूबाई सगळ्यांच्या पुढं, जवळजवळ धावत. मजुरांच्या तट्ट्याच्या झोपड्यांची रांग होती. एका झोपडीच्या दारात पीरमहंमद उभा होता. त्यानं आधी तानूबाईला पाहिलं. तिचं कपाळ पाहिलं, हात पाहिले. मग मागून येणारे बांबू, दोरी, मडकं पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"हे काय आनलं तुमी?" तो म्हणाला. "बाबा, हे काय आनलंत? म्या काय सांगितलं व्हतं?"

येसाजी जागच्या जागी उभा राहिला. आतून कण्हण्याचा आवाज आला. तो आवाज त्याला ओळखू आला, आणि आपल्याला ऐकू येतंय ते खरं असू नये असं क्षणभर त्याला वाटलं. बापाला असं वाटावं! पण वाटलं. लेक जिता आहे म्हटल्यावर हरखून आत धावायचं सोडून तो दाराबाहेरच राहिला, कारण सकाळपासूनचा सगळा दिवस त्याच्या अंगावर आला.

"तू पानी पेला न्हाईस," तो कसंबसं म्हणाला.

"रोजा हाय म्हनून सांगितलं न्हवं? रमजानचा म्हयना चाललाय." पीरमहंमदाला रडू फुटलं. "जिता हाय म्हनून सांगितलं. बिगीनं चला म्हनून सांगितलं. आनखी कसं सांगायचं असतं तुमच्यात?"

त्यांच्यात दुसरं कसं सांगायचं असतं, हे येसाजीलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत खऱ्या आजाराचा निरोप घेऊन तो कधी कुणाच्या दारात उभा राहिलाच नव्हता.

जोतिबा गोणपाटावर पडला होता. डोळे पिवळे, ओठांवर पापुद्रे, पण डोळे उघडे होते. तानूबाई त्याच्या उशाशी बसली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या हातांकडं.

"बांगड्या कुटं गेल्या?"

"वाटंत पडले," तानूबाई म्हणाली. "घसरले दगडावरनं. नव्या भरीन."

आयुष्यात ती इतकं गोड कधी बोलली नव्हती. जोतिबा तिच्या कपाळाकडं बघत राहिला. मग त्याची नजर दाराकडं गेली. दारात नथू उभा होता. काखेतलं कोरं कापड पाठीमागं न्यावं हेसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

"आबा," जोतिबा म्हणाला, "मला न्ह्यायला आलाय का पोचवायला?"

येसाजीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "न्ह्यायला रं माज्या वाघा. पौडाला न्ह्यायला. सुई टोचून आनू, मंग घरला जाऊ."

कुशाबा पुढं झाला आणि थबकला. भाच्याशी बोलायचं त्यानं सोडलं होतं, आणि आज त्याची माफी मागायची ती प्रेताच्या कानात मागायची असं ठरवून तो आला होता. आता समोर जिता माणूस होता. शेवटी त्यानं जोतिबाच्या पायाला हात लावला आणि नुसता दाबत बसला.

झोळी करायची होती. बांबू होता, दोरी होती. बहिरू कापड उलगडू लागला, तर नथू त्याच्यावर खेकसला, "त्यात जित्या माणसाला घालतोस?" दोघांची हमरीतुमरी लागली. येसाजीनं खांद्यावरची घोंगडी काढली आणि तीच बांबूला बांधली. घोंगडी त्याच्या खांद्यावर सकाळपासून होती. सकाळी शेरडाची धार टाकून तो तसाच उठला असता, नथूला न् बहिरूला हाक मारली असती, तर ते दुपारीच पौडात असते. हे कुशाबाच्या ओठांवर आलं होतं, पण येसाजीकडं बघून त्यानं गिळलं.

चौघांनी झोळी उचलली आणि पौडाची वाट धरली. पीरमहंमद पाण्याचा तांब्या घेऊन बाजूनं चालत होता, फडक्यानं जोतिबाचे ओठ ओले करत होता. स्वतःच्या घशात त्यानं पहाटेपासून थेंब घातला नव्हता. तानूबाईचा हात झोळीत होता.

बरंच चालल्यावर जोतिबानं विचारलं, "आई न्हाई आली?"

"येतीया," येसाजी म्हणाला. "मागनं येतीया."

"बिगीनं ये म्हनावं."

"व्हय. सांगतो."

त्यानंतर जोतिबा काही बोलला नाही. डोंगरामागं दिवस बुडत होता. तानूबाई एकदम म्हणाली, "थांबा."

झोळी खाली ठेवली. तिनं वाकून बघितलं, नाकापुढं हात धरला, छातीवर कान ठेवला. मग सरळ झाली.

"आता मेलं," ती म्हणाली.

कुणी कानांवर हात ठेवले नाहीत.

पौड अजून लांब होतं. त्यांनी तिथंच नदीकाठी जागा बघितली. पुढचं सारं नीट पार पडलं. काही आणायला कुणाला धावावं लागलं नाही, सगळं सामान बरोबर होतं. दिवस बुडून गेला तरी पीरमहंमद रोजा सोडायचा विसरला. शेवटी कुशाबानं त्याच्या हातात तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी आणि तानूबाई वाडीवर आले. अंबाबाई अंगणात बसली होती. डोळे सुजलेले, पण आता शांत. काल दिवसभर आणि रात्रभर रडून तिचं रडणं सरलं होतं. बाकीच्या बाया आपापल्या घरी गेल्या होत्या. तिनं येसाजीला पाणी दिलं.

"पोचवलंत?"

"व्हय."

"लई हाल तर न्हाई ना झालं माज्या लेकराचं?" ती म्हणाली. "परवा रातीच गेला असंल. पीरमहंमद पहाटं निघाला, म्हंजे त्याच्या आदीच. झोपंतच गेला असंल बगा. तेवढंच बरं झालं. त्याला काय कळलं नसंल."

तिनं हे सगळं रात्रभर बसून जुळवलं होतं. येसाजीनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. म्हातारीनं त्या झोपेच्या आधारावर उरलेलं आयुष्य काढलं असतं. तानूबाई कुडाला टेकून उभी होती. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. हो म्हणा असंही तिच्या तोंडावर नव्हतं आणि नको असंही नव्हतं. येसाजीनं तोंड उघडलं. गोड बोलायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता, शब्द आपोआप यायचे. आताही ते आले, अगदी दातांपर्यंत आले. पण त्याला त्यांची अशी शिसारी आली की हातातलं पाणी त्यानं तसंच खाली ठेवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पीरमहंमद आला तवा त्यो जिता व्हता. आमी गेलो तवाबी जिता व्हता. काल दिवस बुडताना मेला."

अंबाबाईला ते आधी कळलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू यातही काही वेगळं सांगायचं असेल आणि आपण ते ओळखायचं असेल. तसं काही नव्हतं. मग ते तिच्यापर्यंत पोचलं.

"बोलला?"

"बोलला."

"माजी आठवन काढली?"

"आई न्हाई आली का, म्हनला."

"मंग तुमी काय सांगितलं?"

"मागनं येतीया म्हनलो."

अंबाबाई हात टेकून उठायला लागली. गुडघे उचलेनात, तशी तानूबाई पुढं आली. अंबाबाईनं सुनेचा हात बाजूला केला.

"म्या येत व्हते की," ती येसाजीला म्हणाली. "म्या काठी बी घेतली व्हती."